यात आहे काय?

२०१३ च्या डिसेंबरात क्रिस्टीज या लिलाव संस्थेने भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईत केला आणि त्यात वासुदेव गायतोंडे यांचं १९७९ सालचं, शीर्षक नसलेलं एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. आमच्या भिलाईच्या घरी नागपूरचा मराठी पेपर एक दिवस शिळा होऊन येतो, तशी ती बातमीही शिळी होऊन आली. सोबत चार बोटं रुंदीचा फोटो होता. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, पेपर डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला आणि मला विचारलं, "यात आहे काय बे?"

प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, हिशोब होता. बाबा भंडाऱ्याकडचे. १९५९ साली खलाशी म्हणून कारखान्यात लागले आणि स्टील मेल्टिंग शॉपमधून १९९७ साली निवृत्त झाले. पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी असं सगळं बोटांवर मोजून ते म्हणाले, "माझी अख्खी नोकरी विकली तरी याचा कोपरा येत नाही." मी म्हटलं, किमतीवरून कला ठरत नाही. ते लगेच म्हणाले, "मग कशावरून ठरते, ते सांग. तू तर इतिहास शिकवतो."

त्या दिवशी मला सांगता आलं नाही. वर्गात पोरांना उत्तर येत नसलं की मी त्यांना तारखा लिहायला लावतो. मीही तेच केलं, तारखांपासून सुरुवात केली.

पहिली गोष्ट हाती लागली ती नकाशाची. गायतोंडे कुटुंब गोव्याचं, पण वासुदेव जन्मले नागपुरात, १९२४ साली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९२२ मध्ये, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी एका वनाधिकाऱ्याच्या घरी सय्यद हैदर रझा जन्मले. रझांनी चित्रकलेचं पहिलं शिक्षण घेतलं ते नागपूरच्या कला शाळेत, १९३९ ते १९४३. नागपूर, मंडला आणि आमचा दुर्ग जिल्हा ही सगळी तेव्हा एकाच प्रांतात होती, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. इतकंच काय, २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत सरकारशी झाला, तेव्हाही भिलाई ज्या राज्यात होती त्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ती भोपाळला गेली. भारतीय अमूर्त चित्राची दोन सर्वांत मोठी नावं या एका जुन्या, आता पुसल्या गेलेल्या प्रांतातून निघाली. आपण मात्र हे चित्र म्हणजे न्यूयॉर्क-पॅरिसची आयात आहे असं धरून बोलत असतो. मी स्वतः कित्येक वर्षं तसंच बोलत होतो.

अर्थात नुसत्या जन्मस्थळावरून काही सिद्ध होत नाही. गायतोंडे वाढले ते गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. वडिलांना हा नाद पसंत नव्हता आणि पुढे घराशी संबंध जवळजवळ संपलाच. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत माणसं आहेत, भारतीय लघुचित्रांचे सपाट रंग आहेत, पॉल क्लीची रेघ आहे. म्हणजे ज्यांना वाटतं की यांना माणूस काढता येत नव्हता म्हणून यांनी नुसता रंग फासला, त्यांनी ती चित्रं पाहावीत. पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करत. तिथे चित्रकार, नाटकवाले, वादक सगळेच असत. त्या वर्षांत चित्रातली माणसं हळूहळू गेली. १९५७ साली टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली पद्मश्री झाले. मग मुंबई सोडून दिल्लीत निजामुद्दीनला एकटे राहिले आणि २००१ साली वारले. १९८४ मध्ये रिक्षाच्या अपघातात मानेला इजा झाल्यावर मोठा कॅनव्हास बराच काळ बंद होता.

त्यांची कामाची रीत मला चरित्रापेक्षा महत्त्वाची वाटते. ब्रशपेक्षा त्यांच्या हातात रोलर आणि पॅलेट नाइफ जास्त. एक थर लावायचा, तो खरवडायचा, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून रंग उचलायचा, पुन्हा थर द्यायचा. खालचा थर वरच्यातून किती दिसू द्यायचा, एवढाच सगळा निर्णय. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं होत. उरलेल्या वेळात ते बसून असत आणि त्या बसण्यालाही काम समजत. आपल्या चित्राला 'अॅब्स्ट्रॅक्ट' म्हटलेलं त्यांना चालत नसे. ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. फरक बारीक आहे पण खरा आहे. अॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे कशाचं तरी सार काढलेलं, झाडावरून झाडपण काढलेलं. यांच्याकडे मुळात झाडच नाही. आपण मराठीत या दोन्हींना 'अमूर्त' म्हणून मोकळे होतो. पण त्या शब्दाने घोटाळाच होतो, कारण मूर्त म्हणजे आकार असलेलं, आणि कॅनव्हास तर भिंतीवर चांगला पाच फुटांचा, वजनदार, रंगाचा थर हाताला लागेल असा मूर्त लटकलेला असतो. नाही ते फक्त त्याच्याबाहेरचं काहीतरी, ज्याकडे बोट दाखवून आपण सुटलो असतो.

बाबांच्या डोळ्यांसमोर चित्र म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. आमच्या लहानपणी भिलाईत 'सोव्हिएत देश' घरोघर यायचा. कागद इतका गुळगुळीत की वह्या-पुस्तकांना कव्हर त्याचंच. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर कापणी करणाऱ्या बाया होत्या, गणिताच्या वहीवर भट्टीसमोर उभा घामेजलेला कामगार. तो कामगार बाबांना मनापासून आवडायचा. "याने टोपी बरोबर घातली," ते म्हणायचे. ज्याला भट्टी माहीत आहे त्याने भट्टीचं चित्र तपासावं, यात चूक काही नाही. पण त्या गुळगुळीत पानांवर त्याच देशाचा काझिमिर मालेविच कधी आला नाही, आणि येणारही नव्हता.

१९१५ च्या डिसेंबरात पेत्रोग्राद शहरात एक प्रदर्शन भरलं. त्यात मालेविचने पांढऱ्या कॅनव्हासवर एक काळा चौकोन रंगवून टांगला. टांगला तोही छताजवळ, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात. रशियन घरात ही जागा देवाच्या तसबिरीची. आपल्याकडे कुणी देवघरात पाटी लावून ठेवावी, तसं. क्रांतीनंतर काही वर्षं या मंडळींचे दिवस बरे होते. १९३४ पासून मात्र समाजवादी वास्तववाद हे सरकारी धोरण झालं, १९३५ साली मालेविच वारला आणि तो काळा चौकोन काही दशकं लोकांच्या नजरेआड, कोठारात गेला. काळ्या चौकोनात राजद्रोह कुठे दिसला, असा प्रश्न आज पडतो. तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा प्रश्नही बाबांचाच होता: यात आहे काय? फक्त त्यांच्याकडे पेपर नव्हता, पोलीस होते.

इथे भिलाईचा धागा पुन्हा येतो. १९६० च्या फेब्रुवारीत निकिता ख्रुश्चेव्ह भिलाईला आले होते. पहिली झोतभट्टी वर्षभरापूर्वी, ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झालेली. बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांना आठवतो तो एक ठेंगणा, टकला, खूप हसणारा माणूस. तोच माणूस १ डिसेंबर १९६२ ला मॉस्कोच्या मानेझमध्ये तरुण चित्रकारांच्या अमूर्त कामांसमोर उभा राहिला आणि त्यांच्या अंगावर ओरडला. गाढवाने शेपटीने याहून बरं रंगवलं असतं, अशा अर्थाचं बोलला. शिल्पकार एर्न्स्ट नेइझ्वेस्त्नी तिथे त्याच्याशी तोंडावर भांडला. पुढे ख्रुश्चेव्हची सत्ता गेली, १९७१ साली तो वारला, आणि त्याच्या थडग्यासाठी घरच्यांनी शिल्पकार बोलावला तो हाच नेइझ्वेस्त्नी. नोवोदेविची कबरस्तानात ते स्मारक आजही आहे: काळ्या आणि पांढऱ्या दगडांचे एकमेकांत अडकलेले ठोकळे, मधल्या खणात ख्रुश्चेव्हचं ब्राँझचं डोकं. ठोकळ्यांचा अर्थ लोक विचारतात, आणि प्रत्येक वाटाड्या वेगळा सांगतो.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. पण म्हणाले, "सरकारने बंदी घातली म्हणून वस्तू चांगली होत नाही. सरकारने दारूवर पण बंदी घालून पाहिली." बरोबर होतं. छळावरून कला ठरत नाही, जशी किमतीवरून ठरत नाही.

मग मी दुसरी वाट धरली, जी आपल्याकडे बहुतेक लेखक धरतात. आपल्या देवीचे तांदळे पाहा: ना डोळे, ना हात, शेंदूर माखलेला दगड. आजीचं सारवण पाहा: ओल्या शेणावर बोटांची एकासारखी एक कमानी वळणं, कुठलंही चित्र नाही आणि तरी अंगण भरून जातं. इथे छत्तीसगडात बायका छुई मातीने भिंती पोततात, त्या पांढऱ्या भिंतीवर सकाळचं ऊन पडलं की मी आजही थांबतो. म्हणजे अमूर्त आमच्या रक्तातच आहे, वगैरे. रझांचा बिंदू याच वाटेने समजावला जातो. शाळेत चित्त थाऱ्यावर नसलेल्या मुलाला मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं, ही आठवण रझा स्वतःच सांगत. तो ठिपका पॅरिसमध्ये तीसेक वर्षं काढल्यावर कॅनव्हासवर मोठा काळा बिंदू होऊन आला. २०१६ साली ते दिल्लीत वारले, पण त्यांना पुरलं मंडल्याला, वडिलांच्या शेजारी.

गोष्ट सुंदर आहे. तरी हा युक्तिवाद मला पुरता पटत नाही. तांदळ्यासमोर माणूस हात जोडतो ते श्रद्धेने. दगडाचा घाट कसा आहे हे तो बघत नाही. चित्राला ती श्रद्धा उसनी देऊन त्याचा प्रश्न सोडवणं म्हणजे पळवाट. आणि सारवणाचं म्हणाल, तर आजीच्या हाताला आम्ही कधी कला म्हटलं होतं? घरकामच म्हणत होतो. जगदीश स्वामीनाथन यांनी १९८२ साली भोपाळच्या भारत भवनात आदिवासी कलावंतांची कामं शहरी चित्रकारांच्या बरोबरीने मांडली, तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न सरकारी भिंतीवर आला. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होतं, त्यामुळे त्या शोधात आमचा मुलूखही आला. त्याआधी सारवणाची आठवण कुणाला झाली नव्हती. अमूर्त चित्राचा बचाव करायची वेळ आली की आजी आठवते, हे मला जरा खटकतं.

कसबाचा प्रश्न त्याहून कठीण. "हे तर माझा नातू काढेल," हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यावर मला नसरीन मोहमदींची कागदं आठवतात. कराचीत १९३७ ला जन्म, बडोद्याला अध्यापन, आणि अलिबागजवळच्या किहीमला १९९० साली मृत्यू. मिनिमल हा शब्द गायतोंड्यांपेक्षा यांना जास्त बसतो: शाई आणि पेन्सिलच्या बारीक समांतर रेघा, बाकी कोरं. नावं नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. वास्तुविशारदाची हत्यारं घेऊन काढलेल्या त्या रेघा एखाद्या न बांधलेल्या यंत्राच्या ड्रॉइंगसारख्या दिसतात. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांचा हात त्यांच्या ताब्यात राहत नव्हता, आणि रेघ मात्र सरळ येत होती. बाबांना त्यांच्या चित्रांचं पुस्तक दाखवलं तर त्यांनी ते गायतोंड्यांपेक्षा बराच वेळ पाहिलं. ड्रॉइंग ऑफिसमधल्या लोकांविषयी त्यांना आदर होता. "हिला मशीन माहीत होती," एवढंच म्हणाले. मी त्यावर काही बोललो नाही.

पण खरा वाद झाला तो सिविक सेंटरच्या नेहरू आर्ट गॅलरीत. खैरागढच्या संगीत-कला विद्यापीठात शिकलेल्या एका तरुण मुलाची चित्रं लागली होती. खैरागढ आमच्यापासून दोनेक तासांवर. १९५६ साली तिथल्या राजाने आपला राजवाडा देऊन हे विद्यापीठ उभं केलं, ही एक वेगळीच हकीकत आहे. पाच मोठे कॅनव्हास, सगळे नारिंगीपासून पांढुरक्या पिवळ्यापर्यंतचे, दुसरं काही नाही. मी एका दमात पाचही पाहून पुढे गेलो. वळून बघतो तर बाबा तिसऱ्यासमोर उभे. डोळे बारीक केलेले, मान किंचित तिरपी. मी जवळ गेलो तसे म्हणाले, "ही अजून शिजली नाही. दहा-पंधरा मिनिटं पाहिजे होती."

हे वाक्य कळायला भट्टी माहीत हवी. जुन्या ओपन हार्थ भट्टीत एक हीट तयार व्हायला कितीतरी तास लागत. मेल्टर निळी कोबाल्ट काच डोळ्यांसमोर धरून आत बघायचा. उघड्या डोळ्याला आत नुसता उजेड दिसतो, एक सपाट पांढरी आग. काचेतून त्या आगीचे थर दिसतात: कुठे स्लॅग जाड आहे, कुठे उकळी आहे, छप्पर जास्त तापलं आहे का. पलीकडे प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायचाच, पण रिपोर्टच्या आधी जुन्या माणसाला अंदाज यायचा. बाबांची ती काच आजही कपाटात आहे, लाकडी चौकटीत बसवलेली, एका कोपऱ्याला टवका उडालेला. तीसेक वर्षं हा माणूस आकार नसलेल्या एका पृष्ठभागाकडे बघत होता आणि त्यात वाचत होता.

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ऐकणारे खूश होतात. त्यांना वाटतं बाबा हरले. मलाही क्षणभर तसं वाटलं होतं, आणि घरी येताना मी ते बोलूनही दाखवलं. पाहा, तुम्ही आयुष्यभर अमूर्तच पाहिलं. बाबांनी स्कूटरवर मागे बसल्या बसल्या जे उत्तर दिलं त्याने माझा सगळा विजय उतरला. "भट्टीत मी चुकलो तर हीट वाया जाते. माणूस मरतो. त्या चित्रात मी चुकीचं वाचलं तर कोणाचं काय बिघडतं?"

इतकी वर्षं या विषयावर वाचतो आहे, पण या आक्षेपाहून वजनदार आक्षेप मला भेटला नाही. कुणाचंच काही बिघडत नाही, हे खरंच आहे. आणि म्हणूनच या प्रकारात लबाडीला जागा भरपूर आहे. एका रंगाचा कॅनव्हास टांगून, शेजारी शून्य आणि मौन यांवर दोन परिच्छेद चिकटवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. गायतोंड्यांचं एक चित्र २०२१ साली जवळपास ४० कोटींना गेल्यावर ते वाढलेच असतील. त्यांना कला म्हणा असा माझा आग्रह नाही. वाईट कविता असते तसं वाईट अमूर्त चित्र असतं, फक्त ते ओळखायला वेळ लागतो, कारण वृत्त मोडलेलं चटकन ऐकू येतं तसं इथे काही ऐकू येत नाही.

पण पेपरातल्या चार बोटांच्या फोटोवरून वाद घालणं थांबवायला हवं, हे मला दिल्लीत कळलं. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मी गायतोंड्यांसमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा दारातून एक रंग दिसला, आणि मनात म्हटलं, बाबा बरोबर होते. बाकावर बसलो ते पाय दुखत होते म्हणून. पाचेक मिनिटांनी रंगाच्या खाली दुसरा रंग हलला. हलला म्हणजे माझीच नजर हलली असणार. कुठेतरी एक आडवी रेघ, क्षितिजासारखी, पण क्षितिज म्हणावं तर लगेच नाहीशी होणारी. त्यानंतर मी जवळ जाऊन थरांच्या कडा पाहिल्या. त्या निर्णयांनी भरलेल्या होत्या. इथे खरवडलं आहे, इथे हात आखडता घेतला आहे. छपाईत हे सगळं मरतं. ज्वारीच्या भाकरीचा फोटो पाहून चव ठरवावी तसला प्रकार. प्रभाकर बरवे यांनी १९९० साली आलेल्या आपल्या पुस्तकाला 'कोरा कॅनव्हास' हे नाव दिलं. त्या बाकावर बसल्यावर मला ते नाव पहिल्यांदा धमकीसारखं वाटलं: काहीही आधार नाही, आणि तरी चूक-बरोबर ठरवायचं आहे. चित्रकाराचं तिथे काय बिघडतं, हे मला दिसलं. बघणाऱ्याचं काय बिघडतं, हा बाबांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

२०१५ साली मॉस्कोहून बातमी आली. ट्रेत्याकोव्ह गॅलरीच्या तज्ज्ञांनी मालेविचच्या काळ्या चौकोनाची क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा काळ्या रंगाखाली आणखी दोन चित्रं निघाली, दोन्ही रंगीत. काळा थर तडकला आहे आणि भेगांतून खालचे रंग डोकावतात. तेव्हा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, डोळ्यांवर हिरवा चष्मा होता, म्हणून बातमी मीच वाचून दाखवली.

"खालची चांगली होती का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काळा रंग काढल्याशिवाय नीट कळणार नाही.

"मग काढत का नाहीत?"

काढला तर काळा चौकोन जाईल, म्हटलं.

बाबा थोडा वेळ पंख्याकडे तोंड करून पडून राहिले. मग म्हणाले, "मग राहू दे."